मांडव नाही तर धवला नाही

माझ्या पीएच.डी.चा सगळा विषय रोज सकाळी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आमच्या दारात यायचा, चहा प्यायचा आणि निघून जायचा. गायचा मात्र नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही डोंबिवलीत, स्टेशनपासून जरा आत, भातखाचरांच्या कडेला राहत होतो. भाजीवाल्या मावशी ठाकुर्लीपलीकडच्या, खाडीकडच्या एका आगरी गावातल्या. भाजी हा त्यांचा पोटाचा धंदा. खऱ्या त्या धवलारीण. आगरी लोकांच्या लग्नात हळद दळण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला गाणं लागतं. त्या गाण्याला धवला म्हणतात आणि तो गाणाऱ्या धवलारणीवाचून तिथे पान हलत नाही. एम.ए. झाल्यावर मी स्त्रियांच्या लग्नगीतांवर प्रबंध लिहायचं ठरवलं, विद्यापीठाने विषय मंजूरही केला. मला वाटलं, कळसा काखेतच आहे, आता गावाला वळसा कशाला?

"मावशी, एक धवला सांगा ना," मी पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली.

"नाय गो बाय. मांडव नाय तं धवला नाय."

"गाऊ नका. नुसता तोंडानं सांगा."

"तोंडानंच गातात गो, पायानं गातात काय? रिकामे घरान धवला म्हटला तं घराला लागतं."

आई शेंगा मोडत आत बसली होती. तिला असल्या संधी बरोबर सापडत. "बघ! मी तरी दुसरं काय सांगते? मांडव घालू या दारात, मग ऐक पोटभर."

"गाईन वहिनी. हिचे लग्नान मी गाईन," मावशी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. माझं डोकं फिरलं. मला लग्न नको होतं असं नाही, पण आधी प्रबंध, मग बाकीचं, असं मी वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. आईला ते कधीच पटलं नाही. तिच्या मते पीएच.डी. ही गोवरासारखी गोष्ट होती, येते आणि जाते.

मग मला वळसा घालावाच लागला. पंचांगात आई माझ्यासाठी मुहूर्त बघायची आणि मी दुसऱ्यांच्या लग्नांचे. माघ लागला की माझ्या पायाला भिंगरी लागायची. मावशी सांगतील त्या गावी मी जायची. शीळफाट्याच्या बाजूला गेले, ठाण्याहून टांगा करून कोलशेतला गेले. कोलशेतच्या लग्नात मी मांडवाच्या मेढीला टेकून भराभर लिहीत होते. गाणं पुढे पळायचं आणि माझी पेन्सिल मागे. एक कडवं निसटलं म्हणून मी मावशींना म्हटलं, "एवढं परत म्हणा." सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मावशी गाणं न थांबवता माझ्यावर डोळे वटारून गेल्या आणि नंतर म्हणाल्या, "परत म्हणायला काय लगीन परत लावायचं?" एका म्हातारीने माझ्या दोन्ही गालांना हळद फासली, कागदांनाही फासली. ते पिवळे कागद घेऊन मी मुंबईला सरांकडे गेले.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. मोठे विद्वान, सोन्यासारखा माणूस, पण जुन्या कवींखेरीज कशालाही वाङ्मय म्हणताना त्यांचा घसा अडायचा. कागद चिमटीत धरून ते म्हणाले, "बाई, संहिता कुठे आहे यात? अर्धी कडवी, त्यातही प्रत्येक लग्नात वेगळी नावं. परीक्षक विचारतील, याला साहित्य का म्हणायचं? काय सांगाल?" मी पिवळे कागद गोळा केले आणि निघाले. येताना दादरला मी चुकीच्या फलाटावर उभी राहिले आणि गाडी गेल्यावर भानावर आले.

नंतर एकदा मावशी सहज बोलून गेल्या, की एक धवला त्यांनी फार थोड्या वेळा गायला आहे. ज्या नवरीला आई नसते तिच्या हळदीला तो म्हणतात. मेलेल्या आईला हाक मारून मांडवात बोलावतात, पाटाशेजारी बसवतात, मगच हळद लागते. मी ते सरांना सांगितलं. सर खुर्चीत पुढे सरकले. "हे मिळवा. हे एक गाणं समग्र मिळालं तर तुमचा प्रबंध त्याच्यावर उभा राहील."

झालं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. जेवताना, झोपताना, विहिरीवर पाणी भरताना तेच. कुठे लग्न ठरल्याचं कळलं की माझा पहिला प्रश्न, "नवरीला आई आहे का?" आहे म्हटलं की माझा चेहरा उतरायचा. आईने ते ऐकलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला.

"शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला लागली आग! कुणाची आई नसावी म्हणून जप करतेस का गं?"

"अगं, जिची नाही तिची चौकशी करते. मी थोडीच कुणाला मारतेय?"

"तरी पण," आई म्हणाली, आणि पुन्हा शेंगा मोडायला लागली.

त्या श्रावणात आई तापाने पडली. विषमज्वर. भाद्रपद लागायच्या आत ती गेली. मावशी रोज यायच्या, पाटी बाहेर ठेवून नुसत्या बसायच्या आणि चहाही न घेता उठायच्या.

दिवसकार्य उरकलं आणि आत्याने विषय काढला. आई गेली म्हणजे मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर पुढे तीन वर्षं थांबायचं, ही आमच्याकडची रीत. मी वडिलांकडे पाहिलं. दिलेला शब्द त्यांना आठवत होता, ते दिसत होतं. पण ते म्हणाले, "तिच्या मनात होतं गं," आणि मला भांडता येईना. आई जिवंत असती तर मी कडाकडा भांडले असते. कल्याणच्या एका शाळेतल्या मास्तरांचं स्थळ आलं, ठरलं. प्रबंधाचे कागद मी ट्रंकेत टाकले आणि ट्रंकेकडे बघायचं टाळू लागले. बसलं की उभं राहावंसं वाटे, उभं राहिलं की कुठेतरी चालत सुटावंसं.

हळदीच्या दिवशी सकाळी मावशी आल्या. पहिल्यांदाच डोक्यावर पाटी नव्हती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. आत्या पुढे झाली. "भटजी यायचेत, तुम्ही नंतर या ना." मावशी तिच्या बाजूने आत शिरल्या. वडिलांकडे बघून म्हणाल्या, "वहिनीला कबूल केलेलं." वडील म्हणाले, "गाऊ दे."

मी पाटावर बसले होते. पुढ्यात हळदीची वाटी. मावशींनी तोंड उघडलं आणि पहिला शब्द ऐकताच मला कळलं, हा कुठला धवला आहे. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर पेन्सिल. ट्रंक कुठे आहे, कोणाला सांगावं, कोण आणून देईल. मी अर्धी उठलेसुद्धा. काकूने खांदा दाबून मला खाली बसवलं.

मग मावशींनी आईला हाक मारली. तिचं नाव घेऊन. शेंगा तशाच टाक म्हणाल्या, चूल विझली तर विझू दे, पोरगी पाटावर बसली आहे, तू ये, पदराला हात पुसत ये. माझ्या उजवीकडची जागा बायकांनी आपोआप रिकामी केली. मी त्या जागेकडे बघत रडत होते आणि रडतानाही मला राग येत होता. कोणाचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या जागेला आधी हळद लागली, मग मला.

लग्नानंतर काही महिन्यांनी, यजमानांच्याच आग्रहावरून, मी पुन्हा सरांकडे गेले. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते गाणं मिळालं का हो?"

"मिळालं."

"समग्र?"

"एकही शब्द निसटलेला नाही."

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. "सांगा. मी स्वतः उतरवून घेतो."

मी तोंड उघडलं. पहिली ओळ जिभेवर होती. सरांच्या खोलीत पुस्तकांची कपाटं होती, वर पंखा फिरत होता, माझ्या उजवीकडे एक रिकामी खुर्ची होती.

"सर," मी म्हटलं, "इथे मांडव नाही."