अभावातलं सौंदर्य

"ती लिपस्टिक पूस आधी. आणि केस विस्कट."

वैनीसाहेब कॅमेऱ्यातून डोळा न काढता बोलल्या. आष्ट्यातलं आमचं घर, दारात पाटावर मी. साडीच्या दुकानात कामाला निघायची माझी तयारी चाललेली. वैनीसाहेबांच्या बंगल्यावर आई धुणंभांडी करायची. बायकांच्या रोजच्या वेणीफणीचे फोटो काढून त्यांना सांगलीत प्रदर्शन भरवायचं होतं.

"मी रोज अशीच जाते," मी म्हणाले.

"असू दे गं. पण तुमच्यासारखं दिसायला पाहिजे ना."

तुमच्यासारखं.

मी आईकडं बघितलं. "पूस की गं," आई म्हणाली. "वैनीसाब सांगत्यात न्हवं?"

पुसली. इस्त्रीचा ड्रेस उतरवला, आईचं विरलेलं पातळ नेसले. केस विस्कटले. "अजून," त्या लांबूनच बोट दाखवून म्हणाल्या. "अजून जरा." शेजारणी बघत होत्या. लाजेनं माझी मान खाली गेली. तेवढ्यात वैनीसाहेब खूश. "हां! हेच पाहिजे होतं."

प्रदर्शनाचं बोलावणं मला नव्हतं. अर्धी सुट्टी टाकून गेले. भिंतीवर वैनीसाहेबांची नणंद. मोठ्या आरशापुढं गजरा माळताना, ओठ लालभडक. तिला कुणी पूस म्हणालं नव्हतं. तिच्या शेजारी मी. खाली छापलेलं, 'अभावातलं सौंदर्य'.

कसला अभाव? माझ्या पगाराची लिपस्टिक, माझा इस्त्रीचा ड्रेस. माझ्या अंगावर होतं ते सगळं ह्यांनीच काढायला लावलं. अभाव ह्यांनी केला आणि भिंतीवर टांगला.

मी फोटोची फ्रेम उतरवली. वैनीसाहेब धावत आल्या. "अगं, वेड लागलंय का तुला? कला आहे ती!"

"ही मी न्हाई," मी म्हणाले. "तुमी केलेली बाई हाय. हितं टांगायची न्हाई."

फ्रेम सोडली नाही. घेऊनच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी आईचं काम सुटलं. "एका फोटूपायी चूल इझवलीस," ती म्हणाली. तिचं खोटं नव्हतं.

परवा बंगल्यावरचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. मी माफी मागितली तर आईला परत कामावर घेतील. आई आशेनं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्याकडं बघायचं मी टाळलं. ड्रायव्हरला दारातच सांगितलं,

"माफी मागायची आसंल तर त्यांनी यावं. हितं, आमच्या दारात. कॅमेरा घरी ठिवून."