चौघींची बेरीज

मला माणसं माफ करता येत नाहीत. लहानपणापासूनच. लोक म्हणतात, सोडून दे, विसर, मन मोठं कर. माझं मन आहे तेवढंच आहे, आणि त्यात ती बया पुरं एक वर्ष मांडी घालून बसली होती.

ती आमच्या कॉलेजच्या क्रॉसकंट्री संघाची कॅप्टन. रत्नागिरीत, भर गावात वाढलेली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. म्हणून मी तिला ताई म्हणायचे. मी सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, खेड्यातली. एसटीने कॉलेजला यायचे आणि एसटी चुकली की पळत यायचे, अशी माझी पळण्याची सुरुवात. सरांनी एकदा मला स्टँडवरून धावताना बघितलं आणि थेट संघात घेतलं.

क्रॉसकंट्री म्हणजे मैदानातली गोल गोल शर्यत नव्हे. माळ, चढ, उतार, दगड, जे असेल त्यावरून पळायचं. आणि ती एकटीची शर्यत नसते. संघात सहा जणी पळतात. त्यातल्या पहिल्या चौघी ज्या क्रमांकाने येतील ते क्रमांक मिळवायचे. ज्या कॉलेजची बेरीज सगळ्यात कमी, ते जिंकलं. जिंकलेला संघच पुढे मुंबईला मोठ्या स्पर्धेला जातो, बाकीच्यांनी घरी जाऊन पेज जेवायची.

पहिल्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी ताईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तू सुरुवातीला जोरात सुट. बाकीच्या तुझ्यामागे धावून दमतील. मग मी येते, आपण बरोबर जाऊ. आणि हे आपल्या दोघींतच ठेव हां." मला केवढा अभिमान वाटला! कॅप्टनने मला निवडलं! सुटले. सगळ्यांना मागे लावलं. अर्ध्या वाटेत माझा भाता फुटला. ताई बाजूने गेली ती माझ्याकडे न बघताच गेली. ती पहिली आली. मी पोचले तेव्हा कडेची निशाणं उपटून गुंडाळायला घेतली होती. संघ हरला, कारण चौथीचा क्रमांक लागायला हवा होता माझा, आणि मी कुठल्या कुठे.

तिथवर मी सहन केलं असतं. पण परतीच्या एसटीत सर म्हणाले, "हिला काय झालं गो असं? कोणी सांगितलं होतं एवढं सुटायला?" मी ताईकडे बघितलं. वाटलं, आता सांगेल. ती खिडकीतून तोंड आत घेऊन म्हणाली, "कोण सांगणार सर? दावं तुटलेली म्हस बघितलीत ना, तसं झालं हिचं."

अख्खी गाडी हसली. सरही हसले. कंडक्टर, ज्याचा काही संबंध नाही, तोसुद्धा हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती मोठी, मी नवी. माझं कोण ऐकणार? त्यानंतर वर्षभर संघात माझं नाव म्हस. कोणी पाण्याची बाटली द्यायची तरी "म्हशीला पाजा" म्हणायची.

घरी आईने माझं तोंड बघूनच ओळखलं. बाबा मुंबईला नोकरीला, त्यामुळे आमच्या घरातलं पोलीस, कोर्ट आणि फाशी देणारी, सगळं आईच. मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती.

"रडतंस कशाला? पळतंस ना तू? मग पळ," ती म्हणाली. "त्या मेलीचं काय ते देव बघील."

आणि आई नुसतं बोलून थांबणारी बाई नाही. पुढच्या वर्षीची शर्यत जवळ आली तशी ती मला ग्रामदेवतेच्या देवळात घेऊन गेली. आमच्याकडे काही अडलं, कोणी छळलं, की गुरवाकरवी देवाला गाऱ्हाणं घालतात. गुरव देवाशी मोठ्याने बोलतो आणि आपण मागून होकार द्यायचा. आईने नारळ ठेवला. गुरवाने विचारलं, काय भानगड? आई म्हणाली, "पोरीची पळायची शर्यत हाय. एकजण हिच्या वाटेत येते, हिला हसते." नाव विचारलं तर म्हणाली, "नाव कशाला? देवाला काय ठावं नाय?"

गुरवाने हात जोडून आवाज लावला, "बा म्हाराजा, ही तुझी लेक तुझ्या पायाशी उभी हाय! हिच्या वाटेत जी कोण आडवी आली, हिला जी कोण हसली, तिचे पाय भर शर्यतीत बांधून घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही दोघी ओरडलो. दोघीच होतो, पण दहा जणींचा आवाज काढला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! शिकलेली मुलगी, बी.कॉम.ची, आणि मनापासून ओरडले.

मधल्या त्या अख्ख्या वर्षात मी दोन ठिकाणी पळाले. सकाळी आमच्या सड्यावर, कातळावरून. पावसाळ्यात त्यावर असं शेवाळ धरतं की पाय टाकला की माणूस आडवा, आणि पाऊस गेला की तोच कातळ तव्यासारखा तापतो. आणि संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर, काळ्या वाळूत, संघाबरोबर. तिथे मी एकच गोष्ट केली. ताईच्या मागे पळाले. रोज. कधी पुढे गेले नाही. ती चढावर तोंड उघडते, दमली की डाव्या खांद्यावरून मागे बघते, कोणी जवळ आलं की उगाच वेग वाढवते, सगळं पाठ केलं. ती मधूनच विचारायची, "काय गो म्हशी, आज पण मागेच?"

"हो ताई," मी म्हणायचे. इतकी गोड 'ताई' कोणी ऐकली नसेल.

ती कधीकधी सगळ्यांसाठी नाचणीचे लाडू आणायची. मी खायचे. लाडू चांगले असायचे, आणि रागापायी लाडू सोडण्याइतकी मी खुळी नाही.

त्या वर्षीची शर्यत राजापूरला होती, गावाच्या वरच्या सड्यावर. ताईने नवे खिळ्यांचे बूट घेतले होते, स्पाइक्स. आम्ही सगळ्या हात लावून बघत होतो. मला मनातून हसू फुटत होतं. खिळे मातीत रुततात, गवतात रुततात. जांभ्या दगडावर काय रुतणार, कपाळ? खिळा घसरतो आणि सगळा दणका पोटरीत बसतो. हे आमच्या वाडीतल्या कोणीही सांगितलं असतं. मी नाही सांगितलं. का सांगावं?

रेषेवर उभं राहताना तिने माझ्या कानाशी तेच म्हटलं, "तू सुरुवातीला ओढ हां, मी मागून येते."

"हो ताई," मी म्हटलं.

निशाण पडलं आणि मी मागच्या घोळक्यात आरामात पळत राहिले. ताईने डाव्या खांद्यावरून मागे बघितलं. मी हसून हात हलवला. मग काय करते? दुसऱ्या कॉलेजची मुलगी पुढे निघाली होती, तिच्या मागे हिलाच जावं लागलं. ऑक्टोबरचं ऊन, खाली कातळ, पायात खिळे. मी मागून खिळ्यांचा खडखडाट ऐकत होते. असं संगीत मी परत ऐकलं नाही.

त्याच वाटेच्या दुसऱ्या, शेवटच्या फेरीला, जांभ्याच्या चिरेखाणीच्या वळणावर, ती लंगडली. मग थांबली. मग पोटरी धरून एका चिऱ्यावर मटकन बसली. दोन्ही पाय आखडले होते. बांधून घातल्यासारखे.

अंगावर काटा आला माझ्या. देवानं ऐकलं! मी तिच्या बाजूने गेले, मुद्दाम जवळून, आणि अगदी तिच्या तोंडाकडे बघून हसले. वर्षभर ज्या क्षणासाठी जगले तो हाच. पाय असे हलके झाले की वाटलं, आता मुंबईपर्यंत पळेन.

वळणाच्या पुढे सर उभे होते. घामाने भिजलेले, तोंडचं पाणी पळालेलं. "आपली एक पाय मुरगळून बाहेर गेली गो!" ते ओरडले. "पुढे दोघी आहेत, तिसरी तू! चौथी कोण? ती लहान पोरगी तर अजून पहिल्याच फेरीत आहे! कॅप्टन कुठाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चौथी वेळेत नसेल तर जिंकण्यासारखी बेरीजच नाही. बेरीज नाही तर मुंबई नाही. मी पहिली आले असते तरी नाही. देवळात आम्ही देवाला सांगितलं होतं की ती आडवी येते, हसते. ती आमच्याच संघात आहे, हे सांगायचंच राहिलं! देवाला काय, त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आये, काय करून ठेवलंस!

मी थांबले. खरं सांगते, सगळ्यात आधी राग आला तो देवाचा, मग आईचा, आणि मग परत तिचाच. बसायचंच होतं तर रेषा ओलांडल्यावर बसायचं होतंस! मी मागे वळले. समोरून दुसऱ्या कॉलेजच्या मुली एकामागून एक माझ्या अंगावरून पुढे चालल्या होत्या. एकेक मुलगी म्हणजे बेरजेत एकेक जास्त. प्रत्येकीला मी मनात शिव्या घातल्या.

ताई चिऱ्यावर बसून रडत होती. "होत नाही गो," म्हणाली, "पाय सुटत नाहीत."

हात लावून उठवायचं नाही, असा नियम. हात लावला की दोघीही बाद. माझ्याकडे तोंड तेवढं होतं.

"उठा ताई," मी म्हटलं. ती उठली नाही.

"उठा ना ताई, संघ जाईल." ती नुसती मान हलवत राहिली.

मग माझा बांध फुटला. "ऊठ गो म्हशी!" मी असं ओरडले की खाणीतले कामगार काम टाकून बघायला लागले. "ऊठ! काढ ते खिळे पायातले! काढ म्हणते ना! मोठी कॅप्टन! दावं तुटलं तेव्हा कशी हसलीस? आता पळ! पळून दाखव!"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी थोबाडीत दिली. वर्षभर ताई ताई करणारी पोरगी! रडणं थांबलं. तोंड लाल झालं. तिने बूट काढून भिरकावले, पोटऱ्यांवर मुठी मारल्या आणि उठली. मला मारायलाच उठली असणार.

"अनवाणी?" ती म्हणाली.

"अनवाणीच! चल!"

तापलेल्या जांभ्यावर अनवाणी किती लागतं ते मला ठाऊक होतं. सात जन्मांचं आठवतं. तरी म्हटलं. तरी म्हटलं असं नाही, म्हणूनच म्हटलं.

आणि मी तिला हाकलली. मागून, गुरं घरी आणतात तशी. हर्रर्र, हर्रर्र करत, "डावीकडे हो, गवतावरून, दगडावरून नको, त्या लाल बनियनवालीला गाठ, पुढे बघ, मागे काय बघतेस, मागे मीच आहे!" ती मला शिव्या देत होती. रत्नागिरीतल्या सभ्य घरातल्या मुलीला एवढ्या शिव्या येतात हे मला तेव्हा कळलं. पण पळत होती. लाल बनियनवाली गेली. आणखी एक गेली. आणखी दोघी गेल्या. कडेची माणसं टाळ्या वाजवत होती. कोणीतरी म्हणालं, बघा, कशी मैत्रिणीला धीर देते! मला वाटलं, याला धीर म्हणतात तर बरं आहे.

शेवटचा उतार आला. रेषा दिसली. पुढे कोणी हाताला लागण्यासारखं नव्हतं, मागचीही लांब होती. मधल्या त्या पट्ट्यात आम्ही दोघीच. माझं डोकं लख्ख चालत होतं, बी.कॉम. काही फुकट नव्हतं. ती पुढे, मी मागे, किंवा मी पुढे, ती मागे. बेरजेला काय फरक पडतो? काही नाही.

मी तिच्या बाजूला आले. ती वळून बघायला लागली, डाव्या खांद्यावरून, आणि मी उजवीकडून गेले.

रेषेपलीकडे उभ्या पंच बाईंनी माझ्या हातात क्रमांकाचा पुठ्ठा दिला, आठ. तिच्या हातात नऊ. थोड्या वेळाने सर नाचतच आले. संघ जिंकला होता, थोडक्यात, पण जिंकला होता. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्याला म्हणतात खिलाडूवृत्ती! स्वतःची शर्यत सोडून कॅप्टनसाठी मागे गेली पोर!" सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मी मान खाली घालून उभी राहिले, लाजल्यासारखी.

गर्दी पांगल्यावर ती लंगडत माझ्याकडे आली. तळपाय सोलले होते, चालताना बोटं वर धरत होती. माझ्यासमोर उभी राहिली आणि हातातला नऊचा पुठ्ठा माझ्या नाकासमोर धरला.

"परत मागे आलीस, इथवर आणलंस," ती म्हणाली. "शेवटच्या दहा पावलांत मला मागे कशाला टाकलंस? बेरीज तर तीच राहिली असती ना?"

"बेरीज तीच राहणार होती, म्हणूनच टाकलं," मी म्हटलं. "फरक पडणार असता तर तुलाच पुढे सोडली असती."