तसाच ये

पाटणकर डॉक्टरांच्या वडूजमधल्या त्वचारोगाच्या दवाखान्यात स्वच्छ होऊन आलेल्या पेशंटला बोलणी बसायची. "आंघोळ करून आलात? मग मी काय बघू, साबण?" गजकर्णावर मेडिकलमधली ट्यूब चोपडून येणाऱ्याला तर ते आठवडाभर काहीही लावू नका म्हणून वाटेला लावायचे. मी त्यांची लॅब सांभाळायचे. बाहेर बसलेली माणसं मला हळूच विचारायची, "डाक्टर जरा सरकल्यालं हायत का?" मी पुढचा नंबर पुकारायचे. अधूनमधून मलाही तसंच वाटायचं.

आमच्याकडच्या माणसाला डॉक्टरसमोर मळकं अंग न्यायची लाज वाटते. देवळात जावं तसा तो धुऊनपुसून येतो, आणि जे बघायचं तेच मोरीत वाहून जातं.

म्हसवडकडचा बिरा मेंढपाळ असाच आला. कधीतरी पायात बाभळीचा काटा मोडला होता. काट्याबरोबर मातीतली बुरशी आत गेली, तर पाय वर्षानुवर्षं सुजत जातो, भोकं पडून पू येतो. पण असा पू नुसत्या बुरशीनंच येतो असं नाही; जंतूंनीही येतो, आणि दोन्हींची औषधं वेगळी. बिराचे नाना उपाय झाले होते, आणि सांगलीत एका डॉक्टरांनी पाय कापायला सांगितला होता. पाय गेला की मेंढरं विकायची, एवढंच त्याला कळत होतं.

पायाला हळद, वर पांढरंशुभ्र फडकं. डॉक्टरांनी ते सोडून बघितलं आणि पुन्हा गुंडाळलं. "आता पाय धुवायचा नाही. फडकं बदलायचं नाही. तसाच ये."

"आवं, वास मारंल," त्याची बायको म्हणाली. "यष्टीत कोण बसू दील?"

"मारू दे. वासानं कुणी मरत नाही."

पुढच्या खेपेला कंडक्टरनं त्यांना मागच्या सीटवर बसवून आणलं. बायको पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत बसली. डॉक्टरांनी भिंगाखाली फडकं धरलं आणि पुवाबरोबर त्यावर पडलेले काळे कण सुईनं वेचले, तिळाच्या चुऱ्याएवढे. मी ते पोटॅशच्या द्रावणात चेचून काचेवर घेतले आणि मायक्रोस्कोपखाली लावले. बुरशीचे धागे स्पष्ट दिसले. पुढं मोठ्या लॅबकडून खात्रीही करून घेतली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "पाय राहील बहुतेक."

आधी महिनोन्‌महिने गोळ्या, मग पायातली गाठ कापून काढली, मग पुन्हा गोळ्या. पू थांबल्यावर बिरा म्हणाला, "आता बरं हाय की."

"बरं वाटतंय. बरं झालेलं नाही. मेंढरं कोकणात गेली तरी गोळी चुकवायची नाही." आणि खरंच, तो कोकणात असला की ते मोबाईल लावून विचारायचे, "घेतली? कवा?" बिरा वैतागायचा, पण घ्यायचा.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. मला त्या दिवशी रडू आवरलं नाही. दुपारी बिरा डॉक्टरांच्या घरी आला, मेंढरं मुलाच्या हवाली करून थेट रानातून. पायऱ्या चढताना कुणीतरी नळाकडे बोट दाखवलं, "पाव्हणं, पाय तरी धुवा."

"न्हाई," तो म्हणाला. "त्यास्नी चालत न्हवतं."

तो दोन्ही पायांनी आत चालत गेला. घोट्यापर्यंत धूळ होती. डॉक्टरांच्या उशाशी जाऊन उभा राहिला.

"डाक्टर," तो म्हणाला, "तसाच आलोय."