माझ्या हातावरचा हात

भुतंखेतं, अंगात येणं, असल्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. डॉक्टर आहे मी, पोटाच्या विकारांची. हॅम्बर्गच्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरी करते... आणि जे सांगतेय ते भर दुपारी, चारचौघांत घडलंय.

आमच्याच विभागात गौरी आहे. ती कोल्हापूरची, मी नाशिकची. माझ्यानंतर आली आणि आल्या आल्या सगळ्यांची लाडकी झाली. जर्मन माझ्याहून सफाईदार, हात माझ्याहून हलका. सोनोग्राफीच्या खोलीत एकच जागा रिकामी होणार होती आणि मला ती हवी होती. आमचे शेफ, म्हणजे विभागप्रमुख, मात्र उठसूट गौरीचं नाव घ्यायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा — खोटं कशाला बोलू?

त्या जागेसाठी पोटाच्या सोनोग्राफीचा ग्रुंडकुर्स, म्हणजे प्राथमिक कोर्स, लागतो. तो आम्ही दोघींनी एकत्रच केला. तिथे पेशंट नसतात. शिकणाऱ्यांनीच आळीपाळीने पोट उघडं टाकून आडवं व्हायचं. उपाशीपोटी या, असं बजावलं होतं. मी सवयीने पोहे खाऊन गेले! माझ्या पोटात गॅसशिवाय कोणाला काही दिसेना. गौरीला नेमकी संकष्टी. तिचं सगळं कसं लख्ख दिसत होतं... ट्यूटरबाई खूश होऊन म्हणाल्या, "गेनाऊ! अस्संच पोट हवं." म्हणजे बघा, पोटातसुद्धा तीच पहिली!

जेवणानंतर तपासायची पाळी माझ्यावर आली. गौरी उजव्या कुशीवर, तोंड माझ्याकडे. प्लीहेच्या आडून स्वादुपिंडाचं शेपूट शोधायचं होतं, आणि माझ्या स्क्रीनवर नुसता करडा चिखल.

"अगं, श्वास भरून धरू का?" गौरीने विचारलं. तिचा तो समजूतदार सूर!

"गप्प पड," मी म्हटलं.

तेवढ्यात माझ्या हातावर हात आला. ऊबदार, जाडसर, बाईचा. ट्यूटरबाई मागून शिकवतायत असंच मला वाटलं. त्या हाताने माझ्या मुठीतला प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं यंत्र, किंचित वर सरकवला, तिरका केला, दाबला... आणि शेपूट दिसलं. त्याच्या टोकाला एक छोटी काळी गाठ. हात तिथेच थांबला.

"ही गाठच ना?" मी जर्मनमध्ये विचारलं.

"आलेच हं, एक मिनिट!" उत्तर आलं ते खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून. ट्यूटरबाई तिकडच्या मशीनपाशी होत्या. मी मान वळवली. माझ्या स्टुलाच्या मागे भिंत, माणूस उभं राहील एवढी जागाच नव्हती. अंगावर सर्रकन काटा आला.

गाठ खरी निघाली. ऑपरेशन झालं, वेळेवर सापडली म्हणून गौरी वाचली. शेफनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि जागा मला दिली. नवऱ्याला हाताचं सांगितलं, तर म्हणाला, "टेन्शनमध्ये होतात गं असे भास." मीही तेच धरून बसले होते, गौरीला वॉर्डात भेटायला जाईपर्यंत.

"वृषाली, त्या दिवशी तुझ्या मागे उभ्या होत्या त्या कोण गं?" तिने सहज विचारलं. "पांढरे केस, हिरवा स्वेटर?"

मी खुर्ची जवळ ओढली. "काय करत होत्या?"

"तुझा हात धरला होता ना त्यांनी! आणि सारख्या माझ्याकडे बघून हसत होत्या. फार प्रेमळ वाटल्या."

आता मी रोज सोनोग्राफीच्या खोलीत बसते. पेशंट कुशीवर वळला की क्षणभर मनगट सैल सोडून बघते... काही होत नाही. कोण होती, कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. भीतीही केव्हाच गेली. राग तेवढा जात नाही — हात माझा वापरला, आणि आली होती ती गौरीसाठी.