पेशंट आपापला आणावा

दातांच्या कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवलं की माणसाकडे दोन गोष्टी साठतात. एक म्हणजे कपाटातले प्लास्टरचे जबडे, जे कुणी न्यायला येत नाही आणि टाकवतही नाहीत. आणि दुसरे किस्से! जबड्यांवर निदान रोल नंबर तरी असतो. किस्से मात्र एकमेकांत अडकून बसलेले असतात, आणि चहाच्या टेबलावर कुणी नुसतं "अगं, तो रिक्षावाला आठवतो का?" म्हटलं की एकामागून एक बाहेर यायला लागतात.

आमचं कॉलेज शीळफाट्याच्या पुढे. मी डोंबिवलीची, कवळ्या शिकवते. म्हणजे ज्यांच्या तोंडाचं पार बोळकं झालंय, त्यांना पुन्हा चावायला आणि हसायला लावायचं शास्त्र.

डॉक्टर व्हायचा रस्ता तसा सरळ. फायनलची परीक्षा, वर्षभर इंटर्नशिप, मग कौन्सिलमध्ये नोंदणी आणि मग दारावर पाटी. पण फायनलच्या नोटिशीत एक ओळ असते, ती वाचून भल्याभल्यांची भूक मरते: 'पेशंट आपापला आणावा.' हो! खुर्ची आमची, हत्यारं आमची, पण दात ज्याचे त्याने शोधून आणायचे. कीड फार खोल चालत नाही, फार वरवर चालत नाही, शेजारचा दात जागेवर पाहिजे. आणि माणूस ठरल्या दिवशी सकाळी नऊला हजर पाहिजे. स्थळ बघतानासुद्धा लोक इतक्या अटी घालत नाहीत!

* * *

स्नेहा म्हणून एक कल्याणची मुलगी होती. परीक्षा आठ दिवसांवर आणि मनासारखी कीड काही मिळेना. घरचे, शेजारचे, वॉचमन, सगळ्यांची तोंडं बघून झाली. सगळ्यांचे दात धडधाकट! एरवी ज्या गोष्टीचा आनंद व्हायचा, तिचं तिला रडू यायला लागलं.

एक दिवस कॉलेजला येताना शीळफाट्याला तिची रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. कंटाळून रिक्षावाल्याने जांभई दिली, आणि स्नेहाला आरशात ती दाढ दिसली.

"काका! परत एकदा आ करा ना!"

"काय झालं मॅडम?" तो बिचारा दचकला.

"खाली उजवीकडे. काय मस्त किडलीय हो!"

मग हिने मोबाइलचा टॉर्च लावून भर रस्त्यात त्याचं तोंड तपासलं. मागे हॉर्नवर हॉर्न. तो आ केलेल्या तोंडानेच हातवारे करत होता, की बाई, पुढचा ट्रॅफिक सुटलाय!

परीक्षेच्या दिवशी हा गृहस्थ इस्त्रीची खाकी, छातीवर बिल्ला लावून पावणेनऊला हजर. खुर्चीत बसला आणि परीक्षकांना म्हणाला, "साहेब, हे पण लायसनचंच ना? आमच्या टेस्टला आठचा आकडा काढायला लावतात. तुमच्याकडे काय असतं?"

परीक्षक गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आमच्याकडे तुम्ही असता."

* * *

पेशंट मिळाला तरी तो टिकवायचा असतो. एकाचा पेशंट दुसऱ्याने फोडला, असं दरवर्षी होतं. म्हणून डोंबिवलीच्या ओंकार सावंतने वेगळीच शक्कल लढवली. त्याचे पेशंट मुरबाडकडचे एक काका. त्यांना त्याने दोन दिवस आधीच घरी आणून ठेवलं! वडिलांनी आपली कॉट दिली. आई सकाळी शिरा, दुपारी पिठलं-भात, संध्याकाळी रव्याची खीर. जावयाची काय बडदास्त ठेवतील!

परीक्षेत विचारलं, "काका, कवळी कशी वाटतेय?"

काका जिभेने सगळे दात चाचपून म्हणाले, "बरी वाटतेय. पण आणखी दोन-चार दिवस खाऊन बघायला पाहिजे."

ओंकार चांगल्या मार्कांनी पास झाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा मला फोन. "मॅडम, परीक्षा संपली ना हो? नाही, म्हणजे काका अजून इथेच आहेत."

* * *

आमच्या विभागाचं दैवत म्हणजे बाळकुमचे बाळाराम बाबा. ऐंशीच्या घरातले, आगरी, तोंडात एक दात नाही आणि जबडा असा की पुस्तकात छापावा. सात वर्षांत सात मुलं त्यांच्या जबड्यावर पास झाली. घरी सात कवळ्या! मी एकदा विचारलं, "बाबा, इतक्या कवळ्यांचं करता काय?"

"येक हलदीला, येक मावरा-मासली खावाला, आनि येक बायकोशी भांडाला," बाबा म्हणाले. "बाकीच्या पावन्यांना दाखवाला!"

आमच्याकडे बर्वे सर म्हणून बाहेरचे परीक्षक येतात. पांढराशुभ्र शर्ट, कमी बोलणं, आणि हसताना कुणी कधी पाहिलेलं नाही. मुलं त्यांच्या नावानेच गारठतात. तर त्यांनी एका मुलाला विचारलं, "कवळीची उंची बरोबर आहे की जास्त झालीय, हे कसं ओळखशील?" मुलगा छताकडे बघतोय. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "साठ, येकसठ, बासठ, त्रेसठ..."

"बाबा, काय चाललंय?" मी दटावलं.

"आकडं मोजतंय. दात दातांवर आपटलं तर कवली उंच झाली. त्या पोराला काय इचारता, मना इचारा. मना सगला ठाव हाय!"

बर्वे सरांनी चष्मा काढून पुसला. मग मुलाला म्हणाले, "तू बस. ह्यांना दोन प्रश्न विचारतो."

* * *

आता प्रज्ञाबद्दल सांगते. प्रज्ञा कांबळे, वर्तकनगरची. वडील कंपनीत फिटर, आई अंगणवाडीत. हातांचं कसब वडिलांचंच आलेलं असणार. मी आजवर शेकडो मुलांना मेणात दात बसवताना बघितलंय, पण हिच्यासारखे हात नाही बघितले. मला स्वतःला असं काम जमत नाही, हे मी तिच्यादेखत बोलूनही दाखवलंय.

पण तोंडी परीक्षेला उभी राहिली की संपलं! सगळं येत असायचं, पण समोर परीक्षक दिसला की ओठ शिवल्यासारखे.

पहिल्या खेपेला तिचा पेशंटच आला नाही. नातवाच्या लग्नाला गावी निघून गेला. पेशंट नाही तर प्रॅक्टिकल नाही, कुणी सबबी ऐकून घेत नाही. सहा महिन्यांनी दुसरी खेप. काम उत्तम झालं आणि बर्वे सरांसमोर तोंडी परीक्षेत एक शब्द फुटला नाही. त्या वेळी तिच्याबरोबर आणखी चार जण पुन्हा बसले होते. त्यांची तोंडी परीक्षेची तयारी कुणी करून घेतली असेल? हिनेच! रोज दुपारी लॅबमध्ये त्यांना प्रश्न विचारायची, चुकलं की समजावायची. तिने शिकवलेले चौघेही पास, आणि ती एकटी नापास.

निकाल लागल्यावर सगळे तिला टाळत होते. ती स्वतःच माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, अजून एकदा बसते. आमच्या बॅचचा निखिल इंटर्नशिप संपली की घोडबंदरला क्लिनिक काढतोय. या वेळी नाही झालं तर त्याच्याकडे रिसेप्शनला लागते. विचारून ठेवलंय मी."

त्या हातांनी अपॉइंटमेंटची वही लिहायची? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

* * *

मध्ये आमच्या जुन्या विद्यार्थिनीचा, अंकिताचा व्हिडिओ कॉल आला. हीही डोंबिवलीचीच, लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली. तिथे प्रॅक्टिस करायची तर तिथली परीक्षा पुन्हा द्यावी लागते, आणि ती जिवंत माणसावर नसते. खुर्चीला प्लास्टिकचं डोकं लावलेलं असतं, त्याच्या तोंडात प्लास्टिकचे दात!

"मग सोपं गेलं असेल," मी म्हटलं. "पळून जायची भीती नाही."

"कसलं सोपं! मी सवयीने त्याच्या खांद्यावर थोपटायला गेले, तर खांदाच नाही! तरी 'काका, मुंगी चावल्यासारखं होईल हं' असं म्हणून टाकलंच. तिथली परीक्षक बाई धावत आली, कुणाशी बोलतेस म्हणून!"

"पास झालीस ना पण?"

"झाले. पण मॅडम, पूर्ण वेळ त्याने एकदाही थुंकायला मागितलं नाही हो. मला वाटलं, काहीतरी गंभीर झालं!"

आपल्याकडेही शेवटी देशभर एकच परीक्षा येणार, येणार म्हणतात. येऊ दे. सगळ्यांना एकच फूटपट्टी लागेल हे चांगलंच आहे. फक्त तोंड उघडून बसलेल्या माणसाला धीर कसा द्यायचा, हे कशाने मोजणार कुणास ठाऊक.

* * *

प्रज्ञाची तिसरी खेप. पेशंट वेळेवर आला, कवळी तर अशी बसली की मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण परीक्षक पुन्हा बर्वे सरच!

दुपारी जेवताना सर नेहमीपेक्षाही गप्प होते. नुसता वरण-भात खाल्ला, पापड बाजूला सारला. मला वाटलं, ॲसिडिटी असेल.

तीन वाजता प्रज्ञा आत आली. हात मागे बांधलेले, चेहरा पांढराफटक. मी सरांच्या शेजारी बसले होते.

"नवीन कवळी दिल्यावर पेशंटला काय काय सांगशील?"

इतका सोपा प्रश्न! पहिल्या वर्षाच्या मुलालाही येईल.

"बोल. वेळ घे."

ती नुसती सरांच्या तोंडाकडे बघत होती.

"मिस कांबळे, काहीच सांगायचं नाही का?" सरांनी मार्कांचा कागद पुढे ओढला.

आणि ती बोलली. "सर, तुमची खालची कवळी डावीकडे टोचतेय का?"

सरांना कवळी? इतकी वर्षं आम्ही कवळ्या शिकवणारी माणसं त्यांच्या शेजारी बसून चहा पितो, आणि आम्हाला पत्ता नाही!

सर तिच्याकडे बघत राहिले. "कशावरून?"

"बोलताना तुम्ही जबडा उजवीकडे नेताय. आणि मधूनमधून जिभेने कवळी वर उचलून धरताय." आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं.

सर उठले. दार लावून घेतलं. वळून, रुमालात काढलेली कवळी त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवली, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन आ करून बसले.

प्रज्ञाने ग्लोव्ह्ज चढवले. आरसा घेऊन आधी तोंड नीट बघितलं. कवळीला पांढरी पेस्ट लावून तोंडात बसवली, काढली, आणि पेस्ट जिथे पुसली गेली होती तेवढीच कड मशीनवर हलकेच घासली. पुन्हा बसवली. पुन्हा काढली. पुन्हा केसभर घासली. दहा मिनिटं हेच चाललं होतं. तिचे हात जराही थरथरत नव्हते.

सरांनी कवळी बसवून दात दोन-तीनदा मिटून बघितले. मग मार्कांच्या कागदावर काहीतरी लिहिलं, तो घडी करून माझ्याकडे दिला आणि तिला विचारलं, "पुन्हा दाखवायला कधी यायचं?"

"आठवड्याने या, सर. दोन दिवस मऊ खा, दोन्ही बाजूंनी चावा. जेवल्यावर कवळी धुवा, गरम पाण्याने नाही. आणि झोपताना काढून गार पाण्यात ठेवत जा." ती क्षणभर थांबली. "तुम्ही काढत नाही. हिरडी सगळीकडे लाल झालीय."

बर्वे सरांनी मान खाली घातली. "बरं, डॉक्टर," म्हणाले.