हजेरीपटावरचे दुसरे मास्तर

माझ्या नावापुढं दोन पदव्या आहेत. एक बांधकामाची, दुसरी वाङ्मयाची, आणि दोन्ही एकाच वर्षी मिळालेल्या. हे ऐकून लोक भुवया उंचावतात आणि मी मान खाली घालतो. त्यांना तो माझा विनय वाटतो. आयुष्यभर मी तो तसा वाटू दिला, हेही इथंच सांगून टाकतो.

आमचं गाव नळदुर्गापासून तीन कोसांवर, हैदराबादच्या सडकेवरून थोडं आत. वडलांचं किराणा दुकान होतं. घरात कानडी, दुकानात मराठी आणि कचेरीत गेलं की उर्दू, असा आमचा रिवाज. गावातली शाळा मठाच्या ओसरीवर भरायची. गुरुजी एकटेच होते, कानडी घरातलेच, पण मराठी कविता म्हणायला लागले की मठात शिरलेली शेळीसुद्धा उभी राहायची. निजामाचं राज्य होतं. सरकारी शाळा लांब होती आणि वरच्या वर्गांत सगळं उर्दूत चालायचं. आपल्या भाषेची खाजगी शाळा चालवायची तर सरकारची इजाजत लागायची. ती मिळवायला गुरुजींनी किती चपला झिजवल्या ते त्यांनाच ठाऊक. इजाजतीचा कागद त्यांनी जाड पुठ्ठ्यात घालून ठेवला होता आणि दर दसऱ्याला पाटीपुस्तकांबरोबर त्याचीही पूजा व्हायची.

गुरुजींच्या गळ्यात लिंगाची चांदीची डबी होती. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की त्यांचा उजवा हात आपोआप त्या डबीवर जायचा. आम्ही मुलं म्हणायचो, हात डबीवर गेला की समजावं, आता खरं बोलणार. बाकीच्या वेळी ते खोटं बोलत असत असं नव्हे. ते खोटं बोलतच नसत.

नळदुर्गच्या किल्ल्यातला दगडी बंधारा पाहून मला लहानपणीच इंजिनिअर व्हायचं वेड लागलं आणि गुरुजींमुळं कवितेचं. पुढं हैदराबादला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. तिथं सगळं उर्दूतून. कमानीवर किती भार येतो, पाण्याचा भिंतीवर दाब किती, सगळी गणितं उजवीकडून डावीकडं. संध्याकाळी खोलीवर येऊन मी मराठी पुस्तकं काढायचो. तेवढ्यावर मी सुखी राहू शकलो असतो. पण माझ्या डोक्यात शिरलं की वाङ्मयाची पदवीसुद्धा आपल्याकडं हवी, तीही आत्ताच. खोटं कशाला बोलू, यात साहित्याचं प्रेम चार आणे आणि मिरवण्याची हौस बारा आणे होती. एक पदवी घेणारे पुष्कळ होते. एकदम दोन घेणारा आमच्या अख्ख्या भागात कुणी नव्हता.

आमच्या कॉलेजात दुसरीकडं नाव घालायला सक्त मनाई होती, कळलं तर काढून टाकत. इंग्रजी मुलखातल्या एका विद्यापीठाला मात्र कॉलेजात न जाता परीक्षेला बसलेलं चालायचं. तिथं वेगळीच अट होती. उमेदवार शाळामास्तर हवा, दोन वर्षं शिकवत असलेला, आणि तसा शाळेचा दाखला हवा.

मी सुट्टीत गावी गेलो आणि गुरुजींपुढं बसून तसा दाखला मागितला.

"म्हंजे म्या खोटं लिवायचं व्हय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "गुरुजी, कुणाचं नुकसान आहे त्यात?"

हा प्रश्न मी विचारला होता. आज तो लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

शेवटी त्यांनीच वाट काढली. ते म्हणाले, "असं कर. जेवढ्या सुट्ट्या येतील तेवढ्या हितं यायचं. दिवाळी, उन्हाळा, सगळ्या. पोरांला खरंच शिकवायचं. मंग दाखला समदाच खोटा न्हाय व्हायचा." आणि त्यांनी हजेरीपटावर आपल्या नावाखाली माझं नाव लिहिलं, दुसरे मास्तर म्हणून. दाखल्यावर सही केली, शाळेची मोहर उमटवली. तेव्हा त्यांचा हात डबीवर गेला होता. त्यांनी माझ्या वचनावर भरवसा ठेवला होता.

त्या सुट्टीत मी चार दिवस शिकवलं. मुलं मला गुरुजी म्हणू लागली, मला गंमत वाटली. पाचव्या दिवशी मी हैदराबादला परत गेलो. दिवाळीत जमिनीच्या मोजणीचं शिबिर निघालं. उन्हाळ्यात त्या दुसऱ्या परीक्षेचा अभ्यास होता. कॉलेजातून रजा मिळवायला मी आजोबांना दोनदा मारलं, खरे आजोबा माझ्या जन्माआधीच गेले होते. पण मठाच्या ओसरीसाठी मला एकही रजा सुचली नाही. गुरुजींचं दर सुट्टीआधी कार्ड यायचं, 'मुले वाट पाहतात.' मी उत्तर लिहायचो, 'पुढच्या सुट्टीत नक्की.' माझं अक्षर फार सुंदर होतं.

पुढच्या वर्षी थंडीत वेगळं कार्ड आलं. शाळाखात्याचे साहेब तपासणीला आले होते. हजेरीपटावर दोन मास्तर आणि ओसरीवर एकच, हे त्यांनी पाहिलं. दुसऱ्या मास्तराला आठ दिवसांत नळदुर्गच्या डाकबंगल्यावर हजर करा, नाहीतर इजाजत रद्द, असा हुकूम होता. गुरुजींनी एवढंच लिहिलं होतं, 'येऊन दोन शब्द बोलून जा.'

मी मोटारीनं नळदुर्गला उतरलो. साहेबांपुढं जायचं म्हणून कॉलेजची काळी शेरवानी घातली होती, गळ्यापर्यंत बटणं लावून. गुरुजी डाकबंगल्याच्या फाटकाशी उभे होते, धुतलेलं धोतर, कपाळावर भस्म, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. माझ्या शेरवानीकडं बघून त्यांना केवढा आनंद झाला. "लई शोभतंय तुला," म्हणाले.

साहेब वयस्कर होते आणि बोलायला नरम. त्यांनी आम्हा दोघांनाही बसायला सांगितलं. गुरुजी बसले नाहीत. साहेबांनी माझी शेरवानी पाहिली, बटणं पाहिली आणि हसून विचारलं, "आप तो कॉलेज के तालिबे-इल्म मालूम होते हैं. आप इनके स्कूल में पढ़ाते भी हैं?"

त्यावर एक उत्तर होतं. 'होय, कॉलेजात विद्यार्थी आहे आणि सुट्टीत इथं शिकवतो.' ते पुरतं खरं नव्हतं, पण चार दिवसांइतकं तरी खरं होतं, आणि साहेबांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की त्यांना ते पुरलं असतं. शाळा वाचली असती. पण साहेब ते कागदावर लिहून घेणार, तो कागद हैदराबादला जाणार, कॉलेज विचारणार की हा विद्यार्थी मास्तर कसा, आणि मग त्या दुसऱ्या परीक्षेचं सगळं बाहेर येणार. हे सारं माझ्या डोक्यात एका क्षणात फिरलं. गणितात मी हुशारच होतो.

मी उभा राहिलो आणि अगदी शुद्ध उर्दूत म्हणालो, "जी नहीं. मैं सिर्फ़ तालिबे-इल्म हूँ. मेरा नाम इनकी हाज़िरी में कैसे आया, मुझे मालूम नहीं."

साहेबांचं हसू गेलं. ते गुरुजींकडं वळले. हे नाव मग कुणी लिहिलं, त्यांनी विचारलं.

मी जमिनीकडं बघत होतो. गुरुजींची उर्दू आमच्या बाजाराची, दखनी. ते म्हणाले, "मैंच लिख्या साब. इनकू कुछ मालूम नै."

मी वर पाहिलं. त्यांचा उजवा हात डबीवर नव्हता. बाजूला सरळ खाली सोडलेला होता, मूठ मिटून.

साहेबांनी इजाजतीचा कागद मागितला. गुरुजींनी तो पुठ्ठ्यातून काढून दिला. पुठ्ठा तेवढा परत मिळाला. आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, आता हा माणूस मला एक थोबाडीत देईल, आणि खरं सांगतो, मला ती हवी होती. गुरुजी लिंबाच्या झाडाखाली बसले, फडकं सोडलं, भाकरीवर शेंगांची चटणी घातली आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं केली.

"सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस तू," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "ती परीक्षा कंदी हाय?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हणालो.

"नीट दे मग."

दाखला त्या विद्यापीठात तसाच पडून होता. गुरुजींनी एका ओळीचं पत्र घातलं असतं तर माझी दुसरी पदवी तिथंच संपली असती. तेव्हा मला वाटलं, त्यांच्या हे लक्षात आलेलं नाही. त्याबद्दल मी मनातल्या मनात देवाचे आभारही मानले. त्यांच्या सगळं लक्षात होतं, हे कळायला मला वर्षं लागली.

दोन्ही निकाल एकाच उन्हाळ्यात लागले. वडलांनी नळदुर्गच्या पेठेत पेढे वाटले. वाङ्मयाच्या पदवीच्या कागदपत्रांत माझ्या नावापुढं लिहिलेलं होतं, 'शिक्षक उमेदवार'. ते मी कुणाला दाखवलं नाही. मठाची ओसरी तेव्हा रिकामी होती. मुलांतली काही लांबच्या सरकारी शाळेत गेली, बरीचशी गुरांमागं गेली. गुरुजी आपल्या तुकड्यावर ज्वारी राखायला जात होते. मी त्यांना पेढे नेऊन दिले नाहीत, वडलांच्या हाती पाठवले. ते फार गोड होते असा त्यांचा निरोप आला.

मग रझाकारांचे दिवस आले, गावं ओस पडली, लोक सरहद्दीपलीकडं गेले आणि परत आले. निजामाचं राज्य गेलं. मी बांधकाम खात्यात लागलो होतो. आमच्या गावाजवळच्या हैदराबादच्या सडकेवर एका मोरीची पाहणी करायला मला पाठवलं आणि दुपारी जेवणाच्या वेळेला मी गावाकडं वळलो. मठाच्या ओसरीतून पाढ्यांचा आवाज येत होता. शाळा पुन्हा सुरू झाली होती.

गुरुजी बरेच थकले होते. मी वाकून पाया पडलो आणि येताना वाटेत जुळवलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं. त्यांनी मला बोलू दिलं नाही. खांद्याला धरून मला मुलांपुढं उभं केलं.

"उठा रं समदी," ते म्हणाले. "तुमचं दुसरं मास्तर आल्यात. लई शिकल्यात. दोन दोन पदव्या हायत त्यांला."

मुलं उभी राहिली. गुरुजींचा हात डबीवर होता. मी त्यांच्याकडं बघितलं, कुठं टोमणा दिसतो का ते शोधलं. नव्हता. टोमणा असता तर फार बरं झालं असतं.

"काल फळ्यावर लिवल्याली कविता पुरी करून दे," ते मला म्हणाले आणि खडू माझ्या हातात देऊन आपण मागं जाऊन मुलांत बसले. मी ती कविता शिकवली. तासभर शिकवली. बऱ्यापैकी शिकवली असावी, कारण मुलं हलली नाहीत. दोन पदव्यांतली ती वाङ्मयाची पदवी मी आयुष्यात तेवढा एक तास वापरली.

निघताना पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, तुमी उद्याबी येनार का?"

मागं बसलेले गुरुजी माझ्याकडं बघत होते.

"येणार," मी म्हणालो.

मोरीची मापं सकाळीच घेऊन झाली होती. संध्याकाळच्या आत आमची मोटार सोलापूरच्या वाटेला लागलेली होती.