चाळिसाच्या वरचं तेल

मे महिन्यात नागपूरहून पुण्याला स्वतःच्या गाडीनं निघालेल्या माणसाला त्या काळी लोक विचारायचे, घरात लग्न आहे की डोकं फिरलं? आमच्या घरात लग्न नव्हतं. मी फक्त एक प्रश्न विचारायला निघालो होतो, गाडीत तेल कोणतं टाकायचं?

हसू नका. आधी ऐका.

ऐंशीच्या दशकात ती नवी छोटी गाडी निघाली, तेव्हा नंबर लावून आम्ही इतकी वर्षं वाट पाहिली की शालू, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "नातवालेच मिळन ते आता." शेवटी मिळाली. रामदासपेठेतल्या आमच्या गल्लीत नारळ फुटला, पेढे वाटले. आणि पहिल्याच उन्हाळ्यात गाडी चौकात उभी राहिली की समोरचा तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. गाडी पळाली की विझायचा, थांबली की पेटायचा.

गाडीसोबत आलेलं पुस्तक काढलं. त्यात तक्ता होता. हवा इतकी गरम असेल तर हे तेल, तितकी असेल तर ते. तक्ता चाळीस डिग्रीला संपत होता! अरे बाबांनो, चाळीस म्हणजे आमच्याकडे मार्च. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि आम्ही वरून अभिमानानं सांगतो, आज शेहेचाळीस होतं म्हणून. त्याच पुस्तकात मागच्या पानावर लिहिलं होतं की चुकीचं तेल घातल्यास इंजिनाची हमी रद्द.

कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला लिहिलं. उत्तर आलं, कृपया पुस्तकातला तक्ता पाहावा. पुन्हा लिहिलं की तक्ता पाहूनच विचारतोय. उत्तर आलं, कृपया स्थानिक विक्रेत्याला विचारावं. विक्रेत्याकडे गेलो तर तो पंख्याखाली बसून म्हणाला, "आम्हाले काय माहीत, साहेब? कंपनी सांगल ते टाकतो आम्ही." मी हिंगण्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. माल देणाऱ्यांकडून उत्तरं काढणं हाच माझा धंदा. आणि मलाच हे लोक झुलवत होते.

आता खरं दुखणं सांगतो. माझे साडू श्रीकांतराव. शालूच्या मोठ्या बहिणीचे, मायाताईंचे यजमान. पुण्यात कॉलेजात शिकवायचे. त्यांची गाडीही हीच, रंगही हाच, मिळाली मात्र माझ्याआधी. त्यांच्या गाडीचा दिवा पेटत नव्हता. वरून कंपनीचे लोक त्यांना घरी फोन करून विचारायचे, "गाडी कशी चालतेय, सर?" दिवाळीला कॅलेंडर पाठवायचे! शालूचं माहेर वर्ध्याचं. सासूबाई तिथून प्रत्येक बाबतीत एकच सांगायच्या, "श्रीकांतरावाले विचारून घ्या." प्लॉट घ्यायचा, श्रीकांतरावाले विचारा. पोरीला कोणत्या शाळेत घालायचं, श्रीकांतरावाले विचारा. मी जळायचो. उघड सांगतो, माणूस वाईट असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो, पण तो माणूस साधा, हळू बोलणारा, कधी बढाई न मारणारा. त्यामुळे जास्तच जळायचो.

म्हणून ठरवलं. कंपनीचं मोठं सेवा केंद्र पुण्यात आहे, तिथं स्वतः जायचं आणि तोंडावर विचारायचं. हा एक प्रश्न मी सोडवणार, श्रीकांतरावांना मध्ये न घेता. शालूला तसं बोलून दाखवलं.

"अन् उतरणार कुठं?" ती म्हणाली.

"त्यांच्याकडेच."

"वा! जेवण त्यायचं, गादी त्यायची, अन् त्यायले मध्ये घ्यायचं नाही. बरं हाये."

पोरीला वर्ध्याला सोडलं आणि आम्ही दोघंच निघालो. आता समृद्धीवरून भुर्रकन जाणाऱ्या मंडळींसाठी जुना रस्ता सांगतो. कोंढाळी, तळेगाव, तिवसा, अमरावती, मूर्तिजापूर, अकोला, खामगाव, चिखली, जालना, औरंगाबाद. तिथं मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी नगरवरून पुणे. उन्हाळ्यात जाणाऱ्यानं उजाडायच्या आधी निघावं. डोक्याला ओला दुपट्टा आणि खिशात कांदा. कांद्यानं लू लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. शास्त्र काय म्हणतं ते म्हणो, मी कांद्याशिवाय निघत नाही. पुढच्या बंपरला छागळ, म्हणजे पाण्याची जाड कापडी पिशवी, टांगली होती, तिचं पाणी मडक्यापेक्षा गार.

तळेगावला चहा घेतला. अमरावतीला पोहे आणि त्यावर तर्री. शालूनं पुऱ्या, आंब्याचं लोणचं आणि बेसन बांधून घेतलं होतं, तरी मी पोहे खाल्ले म्हणून तिनं बडनेऱ्यापर्यंत तोंड फुगवलं. मूर्तिजापूरच्या पंपावर पेट्रोल भरताना सहज विचारलं, "तेल कोणतं ठेवता गा?"

"एकच हाये, भाऊ. ट्रकमंदी तेच, ट्रॅक्टरमंदी तेच. टाकू का?"

"नको!" मी असा ओरडलो की तो दोन पावलं मागे सरकला.

अकोल्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद मिळालं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. गाडी उभी राहिली आणि दिवा पेटला. लुकलुक नाही, सरळ लाल. मी इंजिन बंद केलं. बाजूला एक जीप होती, ड्रायव्हर खाली उतरून निंबाखाली खुशाल उसाचा रस पीत होता. मला त्या जीपवाल्याचाही हेवा वाटला. त्याच्या पुढ्यात दिवा असेल-नसेल, त्याला फिकीर नव्हती.

"काहून जी, तोंड काहून उतरलं?" शालूनं विचारलं.

"इंजिन गेलं तर हमी नाही. नवं इंजिन आपल्याच्यानं होणार नाही. मग गाडी विकावी लागेल."

तिनं उतरून छागळीतलं पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "त्यायची गाडी पुण्यात काहून बिघडत नाही?"

"पुणं तक्त्यात बसतं म्हणून!"

दुपार खामगावजवळ एका धाब्यावर काढली. झुणका, भाकरी, ठेचा, वर ताक. दोघांचं मिळून आज चहालासुद्धा पुरणार नाहीत एवढे पैसे झाले. खाटेवर झोप मात्र आली नाही. ऊन उतरल्यावर निघालो, चिखलीचा घाट चढलो, जालना मागे टाकलं आणि औरंगाबादला बसस्टँडजवळच्या लॉजवर टेकलो. खोलीत कुलर होता पण पाणी नव्हतं. पाणी मागितलं तर मालक म्हणाला, "पंखा समजून वापरा."

दुसऱ्या दिवशी नगर सोडलं आणि हवा बदलली. शिरूरच्या पुढे तर खिडकीतून चक्क गार झुळूक. दिवा पुण्यात शिरेपर्यंत एकदाही पेटला नाही. मी खूश व्हायला हवं होतं की नाही? उलट माझा तिळपापड झाला. आता सेवा केंद्रात गाडी दाखवली तर म्हणतील, साहेब, तुमची गाडी तर एकदम ठीक आहे!

श्रीकांतराव फाटकात उभेच होते. "या, या! दमला असाल. आधी पन्हं घ्या." त्यांची गाडी अंगणात आंब्याच्या सावलीत उभी, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. संध्याकाळी गच्चीवर असं वारं सुटलं की मायाताईंनी आम्हाला पांघरायला चादरी दिल्या. मे महिन्यात चादर! आम्ही नागपूरला अंगणात बाजेवर पाणी शिंपडून लोळतो, आणि हे लोक चादर घेतात. त्या चादरीखाली मी जळत पडलो होतो.

सकाळी मी एकटाच निघणार होतो. पण दोघी बहिणींना लक्ष्मी रोडला जायचं होतं, आणि श्रीकांतराव म्हणाले, "केंद्र वाटेवरच आहे, रस्ता दाखवतो." नाही कसं म्हणणार? गेलो चौघं.

टेबलामागे टाय लावलेले एक गृहस्थ बसले होते. मी बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. दिवा, तक्ता, चाळीस, शेहेचाळीस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी कुठली?"

"नागपूरची."

"नागपूर आमच्याकडे येत नाही. नागपूरचं मुंबई बघतं."

"मुंबईनं सांगितलं विक्रेत्याला विचारा. विक्रेता म्हणतो कंपनीला विचारा. तुम्ही कंपनी नाही का?"

"आम्ही कंपनीच, पण पुणे विभाग."

"अहो, साधं तेलाचं नाव सांगा! तेलाला विभाग असतो का?" माझा आवाज चढला. बाकावर बसलेल्या दोघी बहिणी माझ्याकडे पाहत होत्या. शालूचे कान लाल झालेले मला इथून दिसत होते.

"मला सांगता येत असतं तर सांगितलं असतं," गृहस्थ म्हणाले. "आणि चाळिसाच्या वर हवा असेल, तर दुपारी गाडी काढू नका. सोपं आहे."

मी उठलो. डोकं असं तापलं होतं की काय बोललो ते आठवत नाही. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेले श्रीकांतराव त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "माझी गाडी इथलीच आहे. पुढच्या आठवड्यात मी सासरी निघालोय, वर्ध्याला. तिकडे फार ऊन आहे म्हणतात. तेल कोणतं घालू?"

"अरे, सर, गाडी तुमची का? आधी सांगायचं ना!" गृहस्थांनी आत हाक मारली. आतून इंजिनियर आला. "वर्ध्याला? मे महिन्यात? मग वीस-पन्नास नंबरचं तेल घाला, सर, घट्ट असतं. चाळिसाच्या वरचा आमचा वेगळा कागद आहे, देतो." आणि खणातून कागद काढून दिला. त्यावर सगळं छापलेलं होतं. पन्नास डिग्रीपर्यंत! चहा आला, चौघांना.

मी विचारलं, "हेच तेल मी टाकलं तर हमी राहील?"

"यांची राहील," गृहस्थ म्हणाले.

"आणि माझी?"

"नागपूरचं मुंबई बघतं."

तेलाचे दोन डबे तिथेच घेतले. श्रीकांतराव खिशात हात घालत होते, मी जवळजवळ त्यांचा हात धरला. वाटेत ते एवढंच म्हणाले, "फार त्रास दिला हो त्यांनी तुम्हाला." मी हुं केलं. ज्या उत्तरासाठी इतका उन्हातान्हाचा आलो, ते मिळालं होतं आणि मला रडावंसं वाटत होतं. मी घसा फोडून विचारलं तर कोणी दाद दिली नाही, आणि त्यांनी नुसतं बसल्या जागी विचारलं तर चहासकट हजर!

मायाताई म्हणाल्या, "शालू, तू राहा आठ दिवस. एवढ्या उन्हात कशाला जातेस? रेल्वेनं पाठवू." मी बॅग भरता भरता थांबलो. शालू म्हणाली, "नाही वं ताई, यायच्यासोबत आली, यायच्यासोबतच जाईन." पण गाडीत बसल्यावर पार नगरपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, संपलं. आता घरी गेल्यावर सासूबाईंना कळणार, गल्लीला कळणार, की शेवटी श्रीकांतरावांनाच विचारावं लागलं.

परतीचं फार सांगत नाही. नवं तेल पुण्यातच भरून घेतलं होतं. बाळापूरच्या जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगेत भर दुपारी अडकलो. इंजिन चालू ठेवून दोघंही समोर बघत होतो. दिवा पेटला नाही. शालूनं हळूच बोनेटला नमस्कार केला. गाडी वाचली होती. पुढे बरीच वर्षं ती चालली, इंजिनाला हात लावावा लागला नाही. तर मंडळी, उन्हाळ्यात गाडी घेऊन लांब जाणार असाल, तर तेलाचा प्रश्न निघण्यापूर्वीच सोडवा. आणि कंपनीला विचारताना आपण कुठले ते सांगू नका.

घरी पोचलो त्याच संध्याकाळी शेजारच्या देशमुखबाई आल्या. "काय झालं वं शालू, त्या तेलाचं?" मी आत पाणी पीत होतो. पेला तोंडालाच राहिला.

"होते काय?" शालू म्हणाली. "यायनं टेबलावर हात आपटला. नाव सांगतल्याबिगर उठतच नाही म्हणाले. दिला मग त्यायनं कागद, वरून चहा पाजला."

मी बाहेर आलोच नाही.

ही गोष्ट तिनं गल्लीत सांगितली, वर्ध्याला सांगितली. आणि त्या दिवाळीला सगळे वर्ध्याला जमलो असताना, फराळाच्या ताटांवर, खुद्द श्रीकांतरावांच्या समोर सांगितली. हात आपटण्याच्या जागी आली आणि मी उचललेला लाडू परत ताटात ठेवला. मायाताईंनी मान खाली घातली. सासूबाईंनी मोठ्या जावयाकडे वळून विचारलं, "तुमी होते ना तिथं, श्रीकांतराव? असं झालं?"

श्रीकांतरावांनी चिवड्याचा घास संपवला. "हो ना. मी तर नुसता शेजारी बसलो होतो. मला नसतं जमलं."

सासूबाईंनी अनारशाचं ताट उचललं आणि लग्नानंतर पहिल्यांदा आधी माझ्या पानात वाढलं. शालू माझ्याकडे बघून हसली. काय सांगू, केवढी हसली! आणि मी तो अनारसा हातात धरून समोरच्या माणसाकडे बघत राहिलो. सासरी एकदाच जिंकलो, तेही त्यांनी जिंकू दिलं म्हणून. गाडी, हवा, कॅलेंडर, सगळं एक वेळ सोडून दिलं असतं, पण त्यांच्या जागी मी असतो तर असं खोटं बोललो नसतो, हे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवसाइतका मी त्यांच्यावर कधीच जळलो नाही.